जांभळ्या सुताची वात

वडगावच्या ज्या गल्लीत सकाळी सातपासून माग खडखडायला लागतात, तिथं कुणाचा कान धड आणि कुणाचा अधू हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सगळेच ओरडतात. ओरडून भागलं नाही की हातवारे करतात. दोन बोटं वर केली की सुताची कांडी संपली, मनगट फिरवलं की माग थांबव, हनुवटीकडं हात नेला की चहा आलाय. माणसं घरी जाऊन बायकोशीही तशाच वरच्या पट्टीत बोलतात आणि बायका म्हणतात, आमच्यावर डाफरू नका. अशा गल्लीत नागुबाई लग्न होऊन आली आणि तिचं नशीब उघडलं असं म्हणायला हरकत नाही. कारण तिला डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तो कान वयाच्या पाचव्या वर्षापासून वाहत होता.

माहेर तिचं शहापूरचं, म्हणजे भाजी विसरली तर परत जाऊन आणता येईल इतक्या अंतरावरचं. कान फुटल्यावर आईनं कोमट तेल, लसणाची पाकळी, शेजारणीनं सांगितलेला पाला असं सगळं करून बघितलं, आणि काहीच जमेना तेव्हा लेकीला झाकायला शिकवलं. लग्नाच्या सकाळी आईनं तिच्या कानात कापूस कोंबला, त्यावरून अबोलीचा गजरा असा सोडला की कान दिसूच नये, आणि म्हणाली, "नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसायचं असतंय बायकोनं. म्हंजे तुझा चांगला कान त्येच्याकडं आला का न्हाय? देवानंच सोय केलीया. आता तू गप ऱ्हा म्हंजे झालं." सासरी निघालेल्या मुलीला आया काय काय सांगतात. नागुबाईला एवढंच सांगितलं गेलं.

सासू मालुबाई तोंडाची फटकळ होती. लग्नाला महिना झाला नसेल तोवर मागच्या गल्लीतल्या एका नव्या सुनेच्या पाठीवर पांढरा डाग दिसला म्हणून तिला माहेरी धाडल्याची बातमी आली. मालुबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लपवून गळ्यात मारली बघ. आमच्यात असलं झालं असतं तर मी उंबऱ्याच्या आत घेतली नसती." नागुबाई समोरच बसली होती. तिनं निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. त्या दिवशी ती जी घाबरली ती घाबरलीच.

तसं बघितलं तर सासूला जाऊनही आता अकरा वर्षं झालीत. पण भीतीला कुठं माणूस लागतो? नागुबाईची खरी वैरीण होती ती करंट जाण्याची वेळ. करंट गेला की गल्लीतले माग एकदम गप्प होतात, माणसं कट्ट्यावर येऊन बसतात, हळू आवाजात इकडच्या तिकडच्या गोष्टी निघतात, आणि हळू बोललेलं तर नागुबाईला कळत नाही. म्हणून करंट गेला रे गेला की ही घागर उचलून नळाकडं चालू लागायची. नळाला पाणी असो नसो. बायका म्हणायच्या, केवढी कामाची आहे बघा, एक मिनिट टेकत नाही. हे कौतुक ऐकूनही तिला लाजच वाटायची.

आणि वास. त्याबद्दल लिहायचं म्हणजे माझंच मन होत नाही, पण त्याशिवाय ही बाई समजणार नाही. पावसाळ्यात कान जास्त वाहायचा. एका श्रावणात मष्णूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मागाच्या खोलीत वास यायला लागला. भला माणूस. त्याला वाटलं उंदीर मेलाय. त्यानं सुताची पोती बाहेर काढली, कपाट सरकवलं, शेवटी दोन माणसं बोलावून एक मागही जागचा हलवला. नागुबाई बॅटरी धरून त्याच्याबरोबर उंदीर शोधत होती. "हितं बगा, हितं बी बगा," असं म्हणत होती. पाऊण दिवस दोघांनी न मेलेला उंदीर शोधला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

इथवर जे झालं ते तिचं एकटीचं होतं. स्वतःचं दुखणं स्वतः सोसलं तर त्यात कुणी काय बोलावं? पण पुढं जे झालं त्याला सोसणं म्हणत नाहीत.

मुलगी झाली, माधवी. गोरीगोमटी, बोलकी, आणि बापाची लाडकी. चार वर्षांची असताना तिला ताप आला, तीन दिवसांनी उतरला. चौथ्या दिवशी वेणी घालताना नागुबाईच्या नाकाला तो वास लागला. तिनं हात थांबवला. मुलीचं डोकं हळूच कलतं केलं आणि बघितलं. उजवा कान. उशीवरही पिवळा डाग पडला होता. दुसरी कुणी आई असती तर पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाली असती. नागुबाईनं उठून दाराला आतून कडी घातली.

दवाखान्यात न्यायचं म्हणजे मष्णूला सांगायचं. मष्णूला सांगायचं म्हणजे मालुबाईला कळणार, ती तेव्हा होतीच. मालुबाई विचारणार, आमच्यात कुणाला असलं न्हाय, हे आलं कुठनं? आणि मग सगळ्यांच्या नजरा नागुबाईच्या गजऱ्यावर येणार. हे सगळं तिच्या डोक्यात वेणीचा एक पेड घालून होईपर्यंत पुरं झालं. दुसऱ्या पेडाला तिचा निश्चय झाला होता.

माग असलेल्या घरात सुताला तोटा नसतो. मागावर ताणलेलं उभं सूत, म्हणजे ताणा, विणून संपला की शेवटी हातभर टोकं उरतात, ती कापून टोपलीत पडतात. यंत्र पुसायला, दिव्याच्या वातीला, पोरांच्या खेळण्याला. नागुबाई त्यातलं मऊ सुती सूत निवडायची, तळहातावर वळून बारीक वात करायची आणि पोरीच्या कानात बसवायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. कापूस विकत आणला तर कुणी विचारलं असतं. सुताला कोण विचारतंय? जो ताणा मागावर असेल त्या रंगाची वात माधवीच्या कानात असायची. कधी पांढरी, कधी पिवळी, कधी मोरपंखी.

वातीबरोबर तिनं शिकवणही दिली. "कुनी इचारलं तर सांगायचं, काल आंगोळ करताना पानी गेलंय." पोर हुशार, एकदा सांगितलं की पुरे. शाळेत सांगायची, काल पाणी गेलंय. वर्षभर तिच्या कानात कालच पाणी जात होतं. तिसरीत असताना ती घरी येऊन म्हणाली, "आई, मनिषा माझ्याजवळ बसंना. नाकाला रुमाल लावती." आता अशा वेळी आईनं काय म्हणावं? नागुबाई म्हणाली, "मग तूच जरा लांब बस की गं." माधवी दुसऱ्या दिवसापासून बाकाच्या टोकाला बसायला लागली. रडली नाही, काही नाही. आईनं सांगितलं होतं ना.

दहावी झाली, बी.कॉम. झालं. कॅम्प भागातल्या एका हिशेबनिसाच्या हापिसात माधवी कामाला लागली. वात घालणं तिनं केव्हाच सोडलं होतं. ती आता औषधाच्या दुकानातला कापूस वापरायची आणि केस कानावरून सोडून क्लिप लावायची. मायलेकी या विषयावर कधी बोलत नसत. दोघींनाही सगळं माहीत होतं, बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिचं डोकं दुखायला लागलं. कानामागं ठणका, उठताना चक्कर. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? माधवी म्हणाली, "चार दिवस झालं. पानी गेलंय." नागुबाई शेजारी उभी होती. डॉक्टरांनी पाणी गेलेल्या कानाचे थेंब दिले. महिन्याभरानं परत गेल्या, परत तेच विचारलं, परत तेच सांगितलं, परत थेंब. डॉक्टर बिचारे काय करणार? त्यांना जो आजार सांगितला त्याला त्यांनी औषध दिलं.

त्याच सुमारास निपाणीहून स्थळ आलं. मुलगा साईराज, नोकरी चांगली, माणसं समजूतदार. बघायला आली ती साईराजची आत्या जयाबाई आणि दोन-तीन जण. नागुबाईनं सकाळीच लेकीच्या उजव्या बाजूला गजरा माळला. हात सराईतपणे चालले होते. माधवी म्हणाली, "आई, आज चूळ भरताना पानी तोंडातनं गळालं." नागुबाई म्हणाली, "घाबरलीस. होतंय असं."

पोहे झाले, चहा आला. जयाबाईनं काहीतरी गमतीचं विचारलं आणि माधवी हसली. म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली. उजवी होती तिथंच राहिली. उजवा डोळाही मिटेना, नुसतं पाणी यायला लागलं. बशीत चहा ओघळला. जयाबाई बाई चांगली होती. तिनं स्वतःच्या रुमालानं पोरीची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "बाळा, तुला बरं न्हाय. दादा, हिला आधी दवाखान्यात दावा, बाकीचं मागनं बघू." पाव्हणे गेले. त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही, आणि तेच नागुबाईला लागलं. चार शब्द बोलले असते तर उलट भांडता तरी आलं असतं.

गल्ली जमली. वारं लागलंय म्हणाले. कुणी शेकायला सांगितलं, कुणी मालिश करणाऱ्याचं नाव सांगितलं. नागुबाईला ठाऊक होतं की हे वारं नाही. तिच्या आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं की हा कान आहे. तरी तिनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि लेकीचा गाल शेकत बसली. पूर्ण एक दिवस शेकत बसली. दुसऱ्या दिवशी मष्णूनंच रिक्षा आणली आणि तिघं मोठ्या दवाखान्यात गेली.

कानाच्या डॉक्टरीणबाई भाग्यलक्ष्मी नावाच्या होत्या. कन्नड त्यांची घरची, मराठी पेशंटांकडून शिकलेली. त्यांनी माधवीला आडवं केलं, कानावर मोठी दुर्बीण आणली, बारीक नळीनं आतलं ओढून घेतलं, आणि मग बराच वेळ चिमट्यानं काहीतरी करत राहिल्या. शेवटी जे बाहेर आलं ते त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. नखाएवढा गोळा. त्यांनी तो पाण्यानं धुतला, टोकानं उलगडला. सूत होतं. जांभळं.

"येष्टु वर्ष आयतु?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच मराठीत, "किती वर्षं झाली हे? खरं सांगायचं."

नागुबाईनं ते सूत ओळखलं. जांभळा ताणा त्यांच्या मागावर एकाच साली चढला होता. एका व्यापाऱ्यानं सुती लुगडी मागितली होती, मालाला उठाव नव्हता म्हणून पुन्हा कधी लावला नाही. माधवी तेव्हा सातवीत होती. एका सकाळी वात तुटली होती, अर्धीच बाहेर आली होती, आणि शाळेची घंटा होत आली म्हणून नागुबाईनं वरून दुसरी बसवली होती. हे सगळं तिला त्या फडक्याकडं बघताना लख्ख आठवलं.

माधवी म्हणाली, "दोन वर्सं झाली. मीच घातलतं. घरात कुनाला म्हाईत न्हाय."

मष्णू भडकला. "दोन वर्सं? आनी आमाला सांगाय काय झालतं गं? तोंड दिलंय न्हवं देवानं?" ज्या तोंडाची एक बाजू पडली होती त्याच तोंडाबद्दल तो बोलत होता, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण शब्द गेला तो गेला. माधवी गप्प राहिली. नागुबाईही गप्प राहिली. मुलीनं तिच्यासाठी खोटं सांगितलं आणि तिनं ते पदरात घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन करून आणायला लावलं आणि दुपारी तिघांना समोर बसवून सांगितलं. कानाच्या पडद्याला भोक आहे. त्या भोकाच्या कडेनं कातडं आत शिरून साठत गेलंय, ते नुसतं साठत नाही, हाड खातं. ऐकू येण्याच्या तीन बारीक हाडांपैकी दोन खाऊन झालीत. चेहरा हलवणारी नस कानातूनच जाते, ती उघडी पडून दबली आहे. मेंदूच्या बाजूचं हाडही पातळ झालंय. उद्याच ऑपरेशन. कानामागून हाड उघडायचं, सगळं कोरून साफ करायचं, आणि कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून त्याचा नवा पडदा बसवायचा. चेहरा सुधारेल, पण महिने लागतील. ऐकू किती येईल ते आज सांगता येणार नाही.

"हे दोन वर्षांचं नाही," त्या माधवीकडं बघून म्हणाल्या. "पण ठीक आहे. घरात आणखी कुणाचा कान वाहतो?"

"न्हाय," नागुबाई म्हणाली. डाव्या कानावर पदर होता. डॉक्टरीणबाईंनी त्या पदराकडं एक क्षण बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या दिवसभर मष्णू लेकीशी बोलला नाही. तिला पाणी दिलं, चादर दिली, सही केली, पण बोलला नाही. माधवीचा बापावर जीव. आई, उद्या काय होईल हे तिनं एकदाही विचारलं नाही, "आप्पा लई चिडल्यात का?" एवढंच दोनदा विचारलं. आता सांगावं, असं नागुबाईला दोन्ही वेळा वाटलं. एवढंच म्हणायचं होतं की अवो, तिच्यावर रागावू नका, हे माझं काम हाय. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण चाळीस वर्षं जे तोंड बंद ठेवलं ते उघडताना गंजलेल्या कुलपासारखं झालं होतं. सकाळी सांगीन, तिनं ठरवलं.

सकाळी नर्सनं कानामागचे केस काढले. नागुबाई ते केस ओंजळीत धरून उभी राहिली, टाकावेत कुठं ते तिला कळेना. मग चाकांची गाडी आली. माधवीला हिरवा झगा घालून तिच्यावर निजवलं. मष्णू एका बाजूनं चालत होता, नागुबाई दुसऱ्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी थांबली. नर्स म्हणाली, काय बोलायचंय ते बोला. मष्णूनं लेकीच्या पायाला हात लावला, तोंडानं मात्र काही बोलला नाही. माधवीनं त्याच्याकडं बघितलं आणि मग आईकडं. एक डोळा मिटत नव्हता, त्यामुळं ती नजर हलतच नव्हती. नागुबाई वाकली. सांगायलाच वाकली होती ती. आणि तिनं चादर नीट केली. पायाशी नीटच असलेली चादर तिनं आणखी नीट केली, आणि गाडी आत गेली.

असल्या वेळी माणसाला स्वतःची किळस येते, तशी तिला आली. ती बाकावर जाऊन बसली, सवयीनं मष्णूच्या डाव्या अंगाला.

तास गेला, दुसरा गेला. मष्णू समोरच्या भिंतीकडं बघत होता. मागवाला माणूस. त्याला लेकीच्या शाळेच्या इयत्ता पाठ नव्हत्या, पण कुठल्या साली कुठला ताणा लावला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. तो हळूहळू म्हणाला, "जांभळं सूत."

नागुबाईनं कानावरचा पदर घट्ट धरला.

"ते आपन दोन वर्सांमागं कुटं लावलतं? ते तर धाकट्या भावाच्या लग्नाच्या साली. मला ध्यानात हाय, मांडवात बी त्योच इषय, व्यापारी लुगडी उचलंना म्हणून. नऊ वर्सं झाली त्येला." त्यानं बोटं मोजली. "तवा माधवी केवढी? बारा-तेराची. आनी एवढीशी पोर मागाच्या टोपलीतलं सूत घिऊन आपल्या कानात कशाला घालंल?"

तो तिच्याकडं वळला. संशयानं नव्हे, खरंच कळत नाही म्हणून वळला. मघाशी मिळालेली संधी वेगळी होती. तेव्हा सांगितलं असतं तर ते सांगणं झालं असतं. आता ते सापडणं होतं. पण नागुबाईला आता दुसरी वाट नव्हती.

"मी घालत हुते," ती म्हणाली. "चार वर्सांची असल्यापास्नं. सकाळ-संध्याकाळ वात करून मीच घालत हुते. खोटं सांगायला बी मीच शिकवलं. तुमच्या आईला भ्यालती मी. माजा बी कान वाहतोय, लहानपणापास्नं. ह्यो बगा." आणि भर दवाखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिनं पदर मागं टाकला आणि कानातला बोळा काढून दाखवला. मागाच्या खोलीत बोलायचं तशाच आवाजात ती बोलली होती. बाकावरची सगळी माणसं बघत होती.

मष्णूनं बघितलं. तो ओरडेल असं तिला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काल मी पोरीला काय काय बोललो गं. आनी तू ऐकत बसलीस?"

एवढंच म्हणाला आणि उठून जिन्याकडं गेला. थोड्या वेळानं परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. नागुबाईला एकदम तिसरीतली माधवी आठवली आणि मग ती रडली. आवाज न करता रडायला तिला चांगलं येत होतं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, सगळं निघालंय, नस तुटलेली नाही, नवा पडदा बसवलाय. मष्णूनं हात जोडले. नागुबाई पुढं झाली आणि म्हणाली, "काल म्या खोटं सांगितलं. माजा बी वाहतोय." डॉक्टरीणबाई दमल्या होत्या. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आधी मुलगी बरी होऊ दे. मग तुम्ही या. तपासू." नागुबाईला वाटलं होतं की आभाळ कोसळेल. एका बाईनं नुसतं 'या' म्हटलं. एवढ्यासाठी चाळीस वर्षं घालवली आणि पोरीचा चेहरा घालवला, हे तिला त्या उभ्या जागी कळलं, आणि इतकी लाज तिला त्या वाहत्या कानाचीही कधी वाटली नव्हती.

दुपारी माधवीला वॉर्डात आणलं. डोक्याभोवती जाड पट्टी. मष्णू आधी आत गेला. तो तिच्या डोक्याशी बसून बराच वेळ काही बोलत होता, तिच्या हातावर हात ठेवून. काय बोलला ते नागुबाईला दारातून कळलं नाही. हळू बोललेलं तिला कळत नाही. तो बाहेर आला तेव्हा तिच्याकडं न बघता म्हणाला, "जा. बोल तिच्याशी."

ती आत गेली. म्हणाली, "माधू, आप्पांना सांगितलं मी सगळं."

माधवीनं बघितलं. तोंड वाकडं, जीभ जड. शब्द एकेक करून आले. "कवा सांगितलंस?"

"तू आत हुतीस तवा."

"दार लागंपर्यंत तुज्याकडंच बघत हुते मी," माधवी म्हणाली. "आत भूल देईपर्यंत वाटत हुतं, आता सांगंल. मी मेले असते तर आप्पांचा राग घिऊन मेले असते."

नागुबाईनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माधवीनं कूस बदलली. नर्सनं सांगितलेलं होतंच की पट्टीची बाजू वर ठेवून निजायचं. चांगला कान उशीत गेला, पट्टीचा कान वर राहिला, आणि तिनं मिटणारा डोळा मिटला. तिनं तोंड फिरवलं ते रागानं, की नर्सनं सांगितलं म्हणून, हे नागुबाईला कधीच कळणार नव्हतं आणि विचारायचा तिला अधिकारही नव्हता.

तिनं खाटेची कड धरली आणि बोलायला सुरुवात केली. चार वर्षांच्या पोरीच्या वेणीपासून. दाराला घातलेल्या कडीपासून. बाकाच्या टोकाला बसायला सांगितलं तिथपासून. तुटलेल्या जांभळ्या वातीपर्यंत आली आणि अडखळली, मग तेही सांगितलं. चुकले म्हणाली. मला माफ कर असं म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती, तरी तेही म्हणाली.

शेजारच्या खाटेवर बायाक्का नावाची म्हातारी होती, खानापुराकडची. ती सगळं ऐकत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, तिला काय बी ऐकू जात न्हाय. चांगला कान उशीत हाय तिचा. उगं कशाला दमताय?"

"ठावं हाय मला," नागुबाई म्हणाली. "उद्या परत सांगते."